तापीतल्या होडीसाठी जुनं आउटबोर्ड इंजिन: बघण्यापासून पाण्यात उतरवण्यापर्यंत

सारंगखेड्याच्या बॅरेजमागे तापीचं पाणी दूरवर तुंबतं. तिथे माझा मामा आयुष्यभर वल्ह्यावर जाळी टाकत आला. खांदा दुखायला लागल्यावर त्याच्यासाठी जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, घ्यायचं ठरलं. दोन सिलिंडरचं, 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन मी किनाऱ्यावरच्या एका बंदरातून दोंडाईच्याला आणलं. मामा अंगणात आला, इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "भाचा, पानी फेकस का?"

तेव्हा वाटलं, मामाला इंजिनातलं काय कळतं. पुढच्या तीन महिन्यांत ते खोलून, बिघडवून, पुन्हा जोडल्यावर पटलं की विचारायचा प्रश्न तोच होता. रंग, आवाज, किती वर्षं जुनं हे सगळं नंतर. पाणी जिथे हवं तिथे पोचतं का, आणि जिथे नको तिथे शिरलं नाही ना, एवढं कळलं की जुन्या आउटबोर्डचं बहुतेक सगळं कळतं. प्रकाशा-सारंगखेड्यापासून नवापूरकडच्या उकाईच्या फुगवट्यापर्यंत, किंवा अक्कलकुवा-धडगावात सरदार सरोवराच्या पाण्यावर, कुणी जुनं इंजिन घ्यायच्या विचारात असेल तर माझ्यासारखे त्याचे तीन महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

घराबाहेर पडण्याआधी

आधी होडी मोजा, मग इंजिन शोधा. होडीच्या मागच्या फळीची उंची मधोमध, वरच्या काठापासून तळापर्यंत टेपने घ्या. साधारण 15 इंच भरली तर आखूड दांड्याचं इंजिन लागतं, 20 इंच भरली तर लांब दांड्याचं. समुद्रावरून येणारी बरीच इंजिनं लांब दांड्याची असतात आणि आपल्या होड्या बुटक्या. लांब दांडा बुटक्या होडीला लावला तर पंखा खोल जातो, होडी जड चालते आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पहिला दगड पंख्यालाच लागतो.

15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक 35 ते 40 किलोच्या आसपास भरतं. पत्र्याच्या किंवा पातळ फळ्यांच्या छोट्या डोंगीच्या मागे एवढं वजन लटकवून वर माणूस बसला, तर मागून पाणी आत येतं. अशा होडीला 5 ते 8 हॉर्सपॉवर भरपूर झालं. फळी कुजकी असेल तर ती आधी बदला आणि नट-बोल्टच्या खाली आतून-बाहेरून पट्टी द्या.

दुसरं काम फोनवरचं. जे मॉडेल घेणार त्याचा इम्पेलर (पाणी ओढणारा रबराचा छोटा पंखा), वॉटर पंपाचं पॅकिंग आणि कार्बोरेटरचं किट कुठे मिळेल, हे आधी विचारून ठेवा. बेअरिंग आणि ऑइल सील (दांड्याभोवतीचं तेल-पाणी अडवणारं रबर) नंबरावर किंवा मापावर जळगाव-धुळ्याच्या बेअरिंगच्या दुकानात मिळून जातात. इम्पेलर तसा मिळत नाही, तो त्या इंजिनाचाच लागतो. यामाहा, सुझुकी, तोहात्सू, मर्क्युरी यांचे सुटे भाग किनाऱ्यावरच्या दुकानांतून कुरिअरने मागवता येतात. एव्हिनरूड फार चांगलं इंजिन होतं, पण 2020 मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं. स्वस्त मिळालं तरी नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

समुद्रावर बरीच इंजिनं रॉकेलवर चालतात, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात. त्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मुळातच कमी ठेवलेलं असतं. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. दोन टाक्यांचा कॉक किंवा रॉकेलचा वास दिसला की सरळ विचारा.

विकणाऱ्याच्या दारात

जाताना कॉम्प्रेशन गेज, प्लगपाना, मोठा स्क्रू ड्रायव्हर, पांढरं फडकं, लोहचुंबक आणि टॉर्च न्या. इंजिन थंड असताना बघायचं आहे हे आधी सांगून ठेवा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड असताना ते कसं सुरू होतं हे कळत नाही. अशा वेळी तासभर थांबा.

पहिलं काम खालच्या गिअरच्या भागाचं. तिथे दोन स्क्रू असतात, एक अगदी खाली, एक वर. फडकं धरून खालचा स्क्रू थोडा सैल करा. सगळ्यात आधी काय बाहेर येतं ते बघा. इंजिन उभं राहिलेलं असलं की पाणी तेलाच्या खाली बसतं, म्हणून पहिल्या थेंबात पाणीच आलं तर सील गेलेलं आहे. दुधाळ, चहासारखं तेल म्हणजे पाणी घुसळून निघालं आहे. काळं पण स्वच्छ तेल चालतं. चुंबकावर बारीक पिठासारखी चकाकी चिकटली तर घाबरू नका. टोचेल असा कणी हाताला लागला तर गिअरचा दात गेला आहे, आणि त्या भागाचा खर्च कधीकधी अख्ख्या इंजिनापेक्षा जड पडतो.

सील का जातं, हे आपल्याकडच्या प्रत्येक मच्छीमाराला समजायला हवं. पंख्यामागे जाळ्याची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळली जाते. ती दांड्याभोवती इतकी घट्ट बसते की सीलच्या रबरात करवतीसारखी शिरते. माझ्या इंजिनाचा पंखा काढल्यावर आत तंगुशीचा जाड गुंता निघाला, आणि त्याच्या आत चिरलेलं सील. घेण्याआधी पंखा काढून दाखवा म्हणा. नट आणि पिनचंच काम असतं. कुणी नाही म्हणालं तर किमतीत सील आणि गिअर ऑइल धरून चाला.

मग कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग काढा, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून दोरी चार-पाच वेळा जोरात ओढा, काटा वाढायचा थांबेपर्यंत. मग दुसरा सिलिंडर. लहान टू-स्ट्रोकमध्ये 90 ते 120 पीएसआय सहसा दिसतं, पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. दोन्हींत 10 टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर एका सिलिंडरची रिंग, पिस्टन किंवा हेडचं पॅकिंग गेलं आहे. दोन्ही सारखेच पण 80 च्या खाली असतील तर इंजिन भरपूर चालून थकलं आहे. प्लग हातात आहेतच तर त्यांची टोकं बघा. चॉकलेटी आणि जरा तेलकट असलेले चांगले. एक प्लग दुसऱ्यापेक्षा एकदम स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

वरचं झाकण काढून कोपऱ्यांत टॉर्च मारा. फ्लायव्हीलखाली (वरच्या जड चाकाखाली), दोरीच्या चक्रात वाळलेला गाळ दिसला तर हे इंजिन कधीतरी बुडालेलं आहे. बुडालेलं इंजिन त्याच दिवशी खोलून, धुऊन, तेल देऊन चालवलं असेल तर वाचतं. तसंच ठेवलं असेल तर क्रँकच्या बेअरिंगला गंज खातो, आणि ते बाहेरून दिसत नाही. फ्लायव्हील हाताने हळू फिरवा, खरखर लागली तर परत फिरा. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाभोवती पांढरे खडे साचले असतील तर ते मीठ आहे. समुद्राचं इंजिन म्हणून ते नाकारू नका, पण आतले पाण्याचे मार्ग तुंबलेले असणार हे गृहीत धरा.

शेवटी ते पाण्यात चालवून दाखवा म्हणा. ड्रम चालेल, कोरडं मुळीच नाही. सुरू झाल्यावर मागच्या छिद्रातून पाण्याची धार येते. हेच मामाचं "पानी फेकस". धार लगेच यावी, अखंड यावी, थोड्या वेळाने कोमट व्हावी. वाफाळती किंवा तुटक धार म्हणजे आत गडबड.

चौकटीवरच्या पट्टीवरचा नंबर कागदावर लिहून, तो नंबर घातलेली पावती सहीनिशी घ्या. इंजिन लावलेली होडी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 च्या कक्षेत येते. नोंदणी आणि तपासणीची चौकशी करायला जाल तेव्हा हाच कागद लागेल. पट्टी घासलेली किंवा उपटलेली असेल तर व्यवहार तिथेच सोडा.

खोलण्याआधी आठ दिवस

स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची बॉडी खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं एकत्र राहिली की एकमेकांना धरून बसतात. इथे माझ्या घाईने माझं नुकसान झालं. पहिल्याच संध्याकाळी मी खालचा भाग सोडवायला पाना लावला आणि जोर दिला. बोल्टचं डोकं हातात आलं, धड आत राहिलं. लेथवाल्याकडे जाऊन ड्रिल मारून, नवे आटे पाडून घ्यावे लागले. दोन दिवस आणि बोल्टच्या शंभरपट पैसे गेले.

म्हणून इंजिन आणलं की रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा आणि वरून लाकडी हातोड्याने हलकं ठोका. आठ दिवसांनी पाना लावा. तरी हलत नसेल तर बोल्टच्या भोवतालची बॉडी हीट गनने तापवा, बोल्ट नव्हे. आधी पेट्रोलची टाकी आणि नळी दूर न्या. आधी जरासा घट्ट करा, मग सैल, मग पुन्हा घट्ट, असं पुढे-मागे करत काढा. जोडताना प्रत्येक बोल्टला मरीन ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रास नाही.

पाण्याचा पंप

हे काम इंजिन चालू स्थितीत मिळालं तरी करायचंच. गिअरच्या भागाच्या वर, उभ्या दांड्यावर रबराचा छोटा पंखा बसलेला असतो, तोच इम्पेलर. नदीतून पाणी ओढून वर सिलिंडरभोवती फिरवणं एवढंच त्याचं काम. तो पाण्यावरच घसरत फिरतो, म्हणून कोरडं इंजिन काही सेकंद चाललं तरी रबर जळतं. विहिरीतल्या मोटरीला कोरडं चालवू नये हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, इथेही तोच नियम.

पावसाळ्यात तापी गढूळ असते. ती माती इम्पेलरच्या पाकळ्या आणि खालची स्टीलची चकती घासत राहते. चकतीवर नखाला लागतील अशा गोल खाचा पडल्या असतील तर नुसता इम्पेलर बदलून उपयोग नाही, चकती आणि वरची वाटीही बदला. मी पहिल्या वेळी चकती वाचवायला गेलो आणि धार मंदच राहिली.

गिअर बदलणारी दांडी जिथे जोडलेली असते तिथे आधी खूण करा, मग बोल्ट काढून खालचा भाग सरळ खाली ओढा. जुना इम्पेलर काढताना त्याची बारीक चावी हरवू नका. पाकळ्या तुटलेल्या असतील तर तुकडे मोजा. जे सापडले नाहीत ते वर नळीत अडकले आहेत आणि पाणी अडवणार आहेत. ते काढल्याशिवाय जोडू नका. नवा इम्पेलर साबणाच्या पाण्यात भिजवा, आणि वाटी वरून दाबताना दांडा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. वर चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरात नीट शिरली का हे टॉर्च मारून बघा. माझी नळी बाजूला बसली होती. सगळं पुन्हा सोडावं लागलं.

थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासता येतो. आउटबोर्डमध्ये तो साधारण 50 ते 60 अंशांच्या दरम्यान उघडतो, गाडीच्या मानाने बराच लवकर. उघडत नसेल तर नवा घाला, काढून टाकून तसंच चालवू नका. थंड राहिलेलं टू-स्ट्रोक पेट्रोल नीट जाळत नाही आणि प्लग काळे करतं.

आणखी एक. आपल्याकडे इंजिन चार महिने उभं राहिलं की कुंभारमाशी धारेच्या छिद्रात मातीचं घर बांधते. मग पंप उत्तम असून धार येत नाही आणि माणूस उगाच सगळं खोलतो. आधी त्या छिद्रात जाड तंगूस घालून बघा.

गिअरचं तेल आणि सील

पंख्याच्या दांड्याचं सील आणि गिअरच्या दांडीचं सील, दोन्ही एकदमच बदला. नंतर तेल भरण्याआधी वरच्या छिद्राला नळी लावून दाबाचा काटा असलेल्या सायकलच्या पंपाने हवा भरा, 10 पीएसआयच्या वर नको. भाग पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघा. पाच मिनिटं काटा हलला नाही तर काम झालं.

तेल 90 नंबरचं, मरीन गिअर ऑइल. भरायचं खालून वर. खालच्या छिद्रातून पंपाने ढकला, वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून चटकन खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि तेल कमी बसतं. दोन्ही स्क्रूंच्या वॉशर नव्या घाला. दहा रुपयांची वॉशर वाचवली की तिथूनच पाणी शिरतं.

पेट्रोलमधलं पाणी

आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि नळी नेमकी तळातून ओढते. नदीकाठी पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवणाऱ्याला हे हमखास भोवतं. जुन्या इंजिनांच्या नळ्या आणि कार्बोरेटरची रबरं या पेट्रोलसाठी बनलेलीच नाहीत. ती फुगतात किंवा चिकट होतात. सगळ्या नळ्या, हाताने दाबायचा फुगा, फ्यूएल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किट बदला, आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा पारदर्शक फिल्टर बसवा. पंधरा दिवसांत संपेल एवढंच पेट्रोल भरा.

कार्बोरेटर खोलताना मोबाइलवर फोटो काढत जा. जेटची भोकं क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका. तारेने भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं.

पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचंच घ्या. मोटरसायकलचं टू-टी तेल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्यावर थंड राहणाऱ्या इंजिनात त्याची राख रिंगांत आणि प्लगवर साचते. प्रमाण इंजिनावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच पाळा. 50 ला 1 म्हणजे एका लिटरला 20 मिली. रिंग-पिस्टन नवे घातले असतील तर पहिली टाकी 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली.

ठिणगीबद्दल थोडक्यात: निळी आणि कडाडणारी हवी. पिवळी असेल तर आधी प्लग, मग टोपी, मग अर्थिंगची जोडणी साफ करा. कॉइल शेवटी. फ्लायव्हील काढायची वेळ आली तर पुलरनेच काढा, हातोड्याने नाही. बंद करण्याचं बटण आणि त्याची मनगटाला बांधायची दोरी चालत नसेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय इंजिन होडीला लावू नका. माणूस पाण्यात पडला आणि होडी फिरत राहिली, तर पंखा त्याच्याचकडे येतो.

ड्रमात

शहाद्याकडे पपई-केळीच्या बागेत ठिबकच्या खतासाठी 200 लिटरचे निळे ड्रम असतात. वरून कापलेला तसा एक ड्रम पुरतो. इंजिन भक्कम घोडीवर बसवा, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटं वर येऊ द्या. पंखा काढून ठेवा. सुरू करा, धार बघा, हात लावा. दहा मिनिटं मंद, मग थोडं वाढवून. सिलिंडरच्या वरच्या भागावर पाण्याचे थेंब टाका. चुर्रकन उडाले तर ताबडतोब बंद करा. खोलीत किंवा पडवीत हे करू नका, धूर जीवघेणा असतो.

मंद वेगावर ठेवूनही इंजिनाचा वेग आपोआप वर चढत असेल, थ्रॉटल मिटूनही उतरत नसेल, तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे. पॅकिंग तपासा, मग क्रँकचं सील. तसंच चालवलं तर तेल कमी पोचून पिस्टन धरतो. माझ्या इंजिनाचं वरचं सील असंच निघालं.

होडीवर

पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढून नुसता गरगरतो. क्लॅम्प हाताने आवळा आणि वर साखळी किंवा जाड दोर बांधा, इंजिन उडून पाण्यात गेल्याच्या घटना घडतात. पंख्यात शिअर पिन असेल तर ती मापाची आणि योग्य धातूचीच घाला, दोन जास्तीच्या खिशात ठेवा. पिनच्या जागी खिळा घालू नका. दगड लागला की पिनने तुटायचं असतं. खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतो. सरदार सरोवराच्या बाजूला बुडालेली झाडं आणि टेकड्यांची टोकं पाण्याखाली आहेत, तिथे हे विशेष पाळा.

पहिल्या दिवशी वल्ही, लाइफ जॅकेट, दोन प्लग, पिन, पाना आणि दोर बरोबर घ्या. बॅरेजच्या दारांच्या बाजूला जाऊ नका. उलट दिशेला, काठाकाठाने जा. मामाला मी पुढे बसवलं होतं. तो पूर्ण वेळ मागे वळून धारेकडेच बघत होता.

जलपर्णीच्या पट्ट्यात शिरलात तर इंजिन बंद करून वल्ह्याने बाहेर या. पाणी ओढायच्या जाळीवर पानं बसली की दोन मिनिटांत धार तुटते. परत आल्यावर पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा, मग उभंच ठेवा, आतलं पाणी निथळून जातं. दहा तास चाललं की खालच्या स्क्रूतून दोन थेंब तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. दुधाळ दिसलं तर पंखा काढून पुन्हा तंगूस शोधा.